बीगलच्या नाकाला हिसका कशाला?

बीगल जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरात आलं की आठवड्याभरात कुणीतरी तो मजकूर पाठवतोच: ‘बीगल मठ्ठ आणि हट्टी. सहा महिन्यांआधी शिकवायला घेऊ नका. नाक जमिनीला लागलं की पट्ट्याला हिसका द्या. खाऊ देऊन शिकवाल तर लाचावेल. आणि काहीही करा, मोकळा सोडला की परत येणार नाही.’ पणजीपासून डिचोलीपर्यंत व्हॉट्सॲपवर हे फिरतंय. यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकलंत तर पिल्लू बिघडेल.

‘मठ्ठ’चा आधार बहुधा स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली लावलेली क्रमवारी. बीगल तिच्यात तळाकडे आहे, हे खरं. पण ती आज्ञापालन-स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवर बेतलेली होती. सांगितलेलं किती झटपट करतो, एवढंच तीत पाहिलं. सशाचा माग धरून माणसाच्या पुढे धावायला पैदास केलेला कुत्रा दर पावलाला मागे वळून विचारणार नाही. याच ‘मठ्ठ’ कुत्र्याला अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली विमानतळावर सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायला ठेवलं. वास लागला की तो बॅगेशेजारी गप बसतो. हे बसणं त्याला खाऊ देऊनच शिकवतात.

आता हिसका. बीगलच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी वीस कोटींच्या वर, आपल्या नाकात साठेक लाख. तो मागावर असताना दहा वेळा नाव घेतलंत तर नाव म्हणजे नुसता आवाज, एवढंच तो शिकतो. गळ्यातल्या पट्ट्याला हिसका बसला की श्वासनलिका दाबली जाते, पिल्लू खोकतं, आणि पुढच्या खेपेला तुमच्यापासून लांब ओढ घेतं.

त्याऐवजी हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) घाला आणि दोन मीटरचा साधा पट्टा लावा. आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा नको. तो सतत ताणलेला राहतो आणि ओढल्यानेच पुढे जायला मिळतं हे पिल्लाच्या डोक्यात बसवतो. नाक खाली गेलं की थांबा. हाक मारू नका. हुंगण्यात मध्येमध्ये खंड पडतोच: डोकं किंचित वर येतं, कान तुमच्याकडे वळतो. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा, गुडघ्यापाशी वाटाण्याएवढी उकडलेली कलेजी द्या आणि लगेच ‘जा, हुंग’ म्हणून त्याच जागी परत जाऊ द्या. हे परत जाऊ देणंच बहुतेक जण गाळतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. तुमच्याकडे पाहिलं म्हणून वास हातचा जात नाही, हे एकदा कळलं की पिल्लू आपणहून वळून पाहायला लागतं. अर्ध्या मिनिटात डोकं वर आलंच नाही तर तुम्ही वासाच्या फार जवळ आहात. दोन-तीन मीटर मागे या.

सुरुवात घरात करा: भोकं पाडलेल्या डब्यात मूठभर सुकट, डबा बंद. मग बाल्कांव (घरापुढचा ओटा), मग पोदेर (पाववाला) येतो तेव्हा फाटकापाशी. जाळी झाडतात ती किनाऱ्यावरची जागा सगळ्यात शेवटी. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, बस. काजूच्या दिवसांत झाडाखाली कुजणाऱ्या बोंडांचा वास आणि जूनमधली ओली जमीन या दोन्ही परीक्षा अवघड. दमट हवेत वास जमिनीलगत टिकून राहतो. एप्रिलमध्ये छान वागणारं पिल्लू पहिल्या पावसात ‘विसरलं’ असं वाटतं. ते विसरलेलं नसतं, गणित अवघड झालेलं असतं. आठवडाभर एक पायरी खाली उतरा.

सहा महिने थांबायचं म्हणजे सोन्यासारखे दिवस घालवायचे. नवी माणसं, आवाज, जागा पिल्लू सहज स्वीकारतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. नाव ओळखणं आणि ‘ये’ हे आठव्या आठवड्यापासून घरातच सुरू करा. लसी पूर्ण होईपर्यंत बाजार उचलून घेऊन दाखवा. रस्त्यावर, विशेषतः पावसाच्या साचलेल्या पाण्यात, उतरवू नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो.

खाऊने लाचावतो? आज्ञेआधी हात खिशात गेला तर हो, कारण तो हाताकडे बघायला शिकतो. आधी शब्द, मग कृती, मग हात. खाऊ रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा; बीगल बघता बघता जाड होतो. खारवलेली मासळी आणि कांद्याच्या रश्शातलं मटण नको.

राहिलं मोकळं सोडणं. दहा मीटरची पट्टीची दोरी घ्या, दर मीटरला गाठ मारा आणि ती हार्नेसलाच बांधा, गळ्याला कधीच नाही. हाताला गुंडाळू नका. ती जमिनीवर घसटत राहू दे, गरज पडली तर गाठीवर पाय द्या. ‘ये’ एकदाच म्हणा. आला की एकामागून एक चार-पाच तुकडे द्या आणि परत सोडा. आंघोळीला, नखं कापायला ‘ये’ म्हणू नका, जाऊन उचलून आणा. उशिरा आला म्हणून रागावलात तर पुढच्या वेळी आणखी उशिरा येईल. दहापैकी नऊ वेळा पहिल्या हाकेला आला की कुंपण असलेल्या भाटात (बागायतीत) दोरी सोडा. रस्त्याकडेच्या शेतात किंवा भटक्या कुत्र्यांनी वाटून घेतलेल्या किनाऱ्यावर मात्र दोरी राहू द्या, बीगल पाच वर्षांचा असला तरी.