सॅम्पल आणलंय का?

शेजारच्यांनी सत्यनारायणाला नेलेला आमचा इलेक्ट्रिक कुकर घासूनपुसून परत आला, फक्त वायर सोडून. "वायर होती का त्याला?" हे वर! नव्हती हो, आजवर तो भात नुसत्या पुण्याईवर शिजत होता. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, वायर सुटी मिळत नाही, एक्स्चेंजमध्ये नवा कुकर घ्या. म्हणून मग तपकीर गल्ली, पुण्याचा विजेच्या सामानाचा बाजार. गाडी कुठं लावली ते विचारू नका.

"सॅम्पल आणलंय का?" दुकानदारानं विचारलं. हरवलेल्या वस्तूचं सॅम्पल! मी पिशवीतून अख्खा कुकर काढून काउंटरवर ठेवला. त्यानं कॉम्प्युटरची वायर लावून पाहिली. जाईना.

इथं शेजारी उभ्या असलेल्या काकांनी कुकरचं झाकण उघडून आत पाहिलं. का, ते त्यांनाच ठाऊक.

"किती वॅटचा?"

"सातशे."

"म्हणजे तीन अँपिअर. ही वायर दहाची आहे. ढिगानं पुरते."

"पण बसत नाहीये ना. आत अर्थच्या पिनेसमोर उंचवटा आहे, त्याला खाचेची वायर लागते."

"मग ब्लेडनं पाडा खाच! पाच मिनिटांचं काम. आमच्या वेळी..."

त्यांच्या वेळी बरंच काही झालं होतं. मिलिटरी अकाउंट्समधल्या हीटरपर्यंत सगळं ऐकलं. मग सांगितलं, की प्रश्न करंटचा नाही, उष्णतेचा आहे. साध्या वायरीचं तोंड सत्तर डिग्रीपर्यंत चालतं, खाचवाल्याचं एकशेवीसपर्यंत. साधी वायर तापणाऱ्या वस्तूत कुणी खुपसू नये, म्हणून तर तो उंचवटा.

"सत्तर?" काका हसले. "पुण्यात मे महिन्यात चाळीसच्या वर जात नाही फारसं."

यावर काय बोलणार?

"आणि मुळात मी म्हणतो, बाई, गॅसवर भात होत नाही का?"

होतो. काकांच्या घरी तो कोण करतं, हे मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे. बाईमाणसानं वायर मागितली की अख्ख्या दुकानाला तिचा स्वयंपाक कसा काय आठवतो? ड्रिल मशिन मागणाऱ्याला कुणी विचारत नाही, हातानं भोक पडत नाही का म्हणून.

तेवढ्यात पोऱ्यानं माळ्यावरून खोकं काढलं. त्यात खाचवाल्या दोन वायरी होत्या. बसली, अगदी टक्क करून. किंमत एकशेऐंशी.

"छे! दीडशे," काका गरजले. पहिल्यांदाच मला ते आवडले. बरीच घासाघीस झाली, नवं बांधकाम, जुनी ओळख, चहाचे भाव सगळं निघालं आणि दुकानदार दीडशेवर आला.

काकांनी दुसरी वायर उचलून पिशवीत टाकली. घरी कुकर नाही म्हणे, पण "असलेली बरी."

मी दीडशे काढले.

"ताई, तुमचे एकशेऐंशी. दीडशे काकांना. ते जुनं गिऱ्हाईक आहे."