सूटकेस स्प्रिंगच्या जोरावर बंद राहत नाही

लग्नसराई आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की एक जुना मेसेज पुन्हा अंग झटकून उठतो. यंदा तो सोसायटीच्या, शाळेच्या आणि नात्यागोत्याच्या अशा सगळ्याच ग्रुपवर एकदम आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वीच्या सूटकेसचा खटका 'खट्ट' वाजायचा, कारण आत कडक स्प्रिंग होती. आता कंपन्या मुद्दाम नरम स्प्रिंग आणि पितळेऐवजी जस्ताची कुलपं टाकतात, म्हणून बॅगा प्रवासात आपोआप उघडतात. उपाय म्हणून स्प्रिंग काढून ताणून बसवा, खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा, नंबरचं कुलूप घ्या कारण ते कुणाला उघडता येत नाही, आणि 'टीएसए' लिहिलेलं घेऊ नका कारण त्याची किल्ली चोरांकडे असते. शेवटी नेहमीची विनंती, 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'.

पोहोचला. पण तो नाशिकमध्ये इतक्या श्रद्धेने फिरावा याची गंमत वाटते. सॅमसोनाइटचा कारखाना गोंद्याला, व्हीआयपीचा सिन्नरला, आणि पत्र्याचे बारीक भाग ठोकून काढणारे लोक अंबड-सातपूरच्या गल्लोगल्ली. मीही त्यातलाच, प्रेस टूलच्या धंद्यातला. तेव्हा या मेसेजला उत्तर इथूनच जायला हवं.

आधी 'कडक स्प्रिंग म्हणजे पक्कं कुलूप' हा मुद्दा घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

शेजारच्या काकूंनी भंगारात टाकायला काढलेल्या सूटकेसचा एक खटका मी रिव्हेट ड्रिल करून सोडवला, तो समोर टेबलावर आहे. पत्र्याची कवची, तिच्यात आडवं सरकणारं बटण, बटणाला जोडलेली पोलादी जीभ, जिभेमागे एक छोटी दाबस्प्रिंग. वरच्या झाकणावर पट्टी आणि पट्टीच्या आतल्या अंगाला आकडा, म्हणजे हुक. पट्टी खाली दाबली की आकडा जिभेच्या तिरक्या उतारावरून घसरतो, जीभ मागे सरकते, आकडा पलीकडे गेला की स्प्रिंग जिभेला पुढे ढकलते आणि आकडा अडकतो. स्प्रिंगचं काम इथे संपलं. यानंतर झाकण वर उचललं की आकडा जिभेच्या दुसऱ्या, सपाट बाजूवर ओढ घेतो, आणि ती ओढ जीभ सरकण्याच्या दिशेला काटकोनात असते. म्हणजे भार पोलादावर आणि रिव्हेटवर येतो. स्प्रिंगला त्याचा पत्ताही लागत नाही.

आकडे बघा. या स्प्रिंगची तार ०.५ मिमी, वेटोळ्याचा मध्यव्यास ४ मिमी, काम करणारे वेढे १०. पोलादाच्या तारेचं नेहमीचं सूत्र लावलं तर दर मिलिमीटरला साधारण १०० ग्रॅम जोर येतो. जीभ ३ मिमी मागे गेली की ३०० ग्रॅम. आता जिभेचा छेद २ गुणिले ५ मिमी. साध्या पोलादाची एवढी जीभ कातरून तोडायची तर अडीचशे किलोच्या आसपास जोर लागेल, आणि तोवर रिव्हेट बॅगेच्या प्लास्टिकमधून उपटून बाहेर आलेले असतील. एकीकडे ३०० ग्रॅम, दुसरीकडे २५० किलो. बॅग बंद कोण ठेवतं, ते यावरून ठरवा.

बरं, स्प्रिंग कडक करणं अवघड असतं असंही नाही. स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.५ च्या जागी ०.६ मिमी तार घेतली की जोर दुपटीवर जातो, खर्चात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. कंपनीला कडक स्प्रिंग टाकायची असती तर केव्हाच टाकली असती. ती टाकत नाही कारण कडक स्प्रिंगने पट्टी बसवायला जास्त जोर लागतो, उतार आणि आकडा एकमेकांवर जास्त घासतात, आणि माणूस वैतागून झाकणावर गुडघा देतो. स्प्रिंग फक्त एवढी हवी की बस कितीही हादरली, बॅग उलटी पडली तरी जीभ आपल्या जागी परतावी.

आणि तो 'खट्ट'? त्याचा बराचसा भाग उघडताना यायचा. पट्टीच्या बिजागरीत एक वेगळी स्प्रिंग असते. बटण सरकवलं की ती पट्टीला वर उडवते, पट्टी कवचीवर आपटते, आणि जुन्या बॅगेचं पोकळ, टणक कवच तो आवाज मोठा करतं. आताच्या पॉलिप्रॉपिलीनच्या कवचात आवाज जिरतो. या दुसऱ्या स्प्रिंगचा बॅग बंद राहण्याशी काडीचाही संबंध नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ज्या स्प्रिंगचा आवाज ऐकला, ती ही.

आता 'बॅगा आपोआप उघडतात'. हे खरं आहे, मी नाकारत नाही. कारण मात्र मेसेजमध्ये आहे ते नव्हे.

टेबलावरच्या जिभेची सपाट बाजू भिंगाखाली धरली तर तिची कड गोल झालेली दिसते आणि तेवढाच पट्टा आरशासारखा चकाकतो. आकडा वर्षानुवर्षं तिथेच घासला आहे. सगळी गोम या गोल झालेल्या कडेत आहे. बाजू बरोबर काटकोनात असेल तर झाकण कितीही ओढा, जीभ मागे जाणार नाही. चांगल्या बनावटीत तर तिला किंचित उलटा कल दिलेला असतो, म्हणजे ओढ वाढली की जीभ आणखी आत रुतते. पण कड झिजून तिथे उतार तयार झाला की ओढीचा काही भाग जिभेला मागे ढकलायला लागतो. तरीही पोलादावर पोलाद घासताना साधारण १० अंशांपर्यंतचा उतार घर्षणच धरून ठेवतं. उतार त्यापुढे गेला की प्रकरण हातातून जातं.

समजा कोंबून भरलेल्या बॅगेचं झाकण खटक्यावर १५ किलोची ओढ घेतंय आणि कड २० अंशांनी झिजलीय. घर्षण वजा केल्यावरही जिभेला मागे ढकलणारा जोर अडीच किलोच्या वर भरतो. समोर स्प्रिंगचे ३०० ग्रॅम. मेसेजचं ऐकून स्प्रिंग दुप्पट कडक केली तर ६०० ग्रॅम. काय फरक पडला? त्यात कसारा घाटात गाडी थरथरली की घर्षणाचाही भरवसा राहत नाही.

दुसरं कारण याहून साधं आहे. बॅग फुगवून भरली की दोन्ही अर्ध्या कवचांची तोंडं नीट जुळत नाहीत, आकडा जिभेच्या टोकावरच अडकतो, आणि आपण आवाज ऐकून समाधानाने उठतो. लग्नाच्या बॅगांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. तिथे एक साडी कमी भरा, एवढाच सल्ला.

स्प्रिंग काढून ताणण्याच्या उपायाबद्दल फार लिहायला नको. दाबस्प्रिंग हाताने ताणली की तार तिच्या लवचीकपणाच्या हद्दीपलीकडे जाते. लांब दिसते म्हणून बरं वाटतं, पण थोडी वापरली की पुन्हा बसते, वर वेढ्यांतलं अंतर वेडंवाकडं झाल्याने कवचीला घासत चालते. शिवाय खटका रिव्हेटने बंद केलेला. तो सोडवून स्प्रिंग ताणेपर्यंत नवा खटका बसवून होतो.

एका जागी मात्र मेसेजला अर्धे गुण द्यायला हवेत, आणि नेमका तो मुद्दा त्यात धड मांडलेला नाही. खटक्यांच्या दोन जाती आहेत. एका जातीत कुलूप लावलं की आतला अडसर थेट जिभेला अडवतो. दुसऱ्या जातीत तो फक्त बटणाला अडवतो. जीभ मोकळीच राहते, कारण कुलूप लावलेलं असतानाही झाकण दाबून बंद करता यावं अशी सोय ठेवलेली असते. घराच्या दाराचं ओढून लागणारं लॅच असंच असतं, आणि फटीतून पातळ पट्टी सारून ते उघडतात ते याच कारणाने. अशा सूटकेसमध्ये खरोखर स्प्रिंगखेरीज जिभेमागे काही नाही. फटीतून पातळ पातं आत गेलं आणि जिभेच्या उताराला भिडलं, तर कुलूप लावलेलं असो की नसो, बॅग उघडते.

ओळखायचं कसं? दुकानातच. बॅग उघडी ठेवा, कुलूप लावा आणि जिभेवर बोटाने दाब द्या. जीभ मागे गेली तर दुसरी जात. नाही गेली तर पहिली, आणि तीच घ्या. या जातीत जिभेची कड थोडी झिजली असली तरी कुलूप लावलेलं असेपर्यंत जीभ मागे जाऊ शकत नाही. म्हणून अशी बॅग चोराची भीती नसली तरी प्रवासात कुलूप लावूनच न्यावी. शालिमारला नाही तर मेनरोडला बॅग घ्यायला गेलात आणि दुकानदार चाकं फिरवून दाखवत असेल, तर त्याला दाखवू द्या, तेवढ्यात आपण जीभ दाबून घ्यावी.

'पितळेऐवजी जस्त म्हणजे फसवणूक' या मुद्द्यात तांब्यापितळेच्या या गावाचा अभिमान बोलतोय, असं मला वाटतं. कुलपाच्या बाहेरच्या भागाला वापरतात ते शुद्ध जस्त नव्हे. त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. हा 'झामॅक' मिश्रधातू १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने आणला. ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे साच्यातून बारीक खाचांसह थेट बाहेर पडतो, आणि ताणाची ताकद साध्या ओतीव पितळेच्या तोडीची असते. तक्रार करायचीच तर जीभसुद्धा जस्ताची केली असेल तेव्हा करा. सतत घासण्याच्या आणि ठोक्याच्या जागी जस्त टिकत नाही, कड लवकर गोल होते, आणि मग वरचं सगळं गणित सुरू होतं. फ्रिजवरचं लोहचुंबक जिभेला लावून बघा. चिकटलं तर पोलाद.

खोबरेल तेलाचं काय सांगावं? खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. नाशिकची थंडी १० अंशांच्या खाली जाते, निफाडला तर विचारूच नका. डिसेंबरच्या पहाटे कुलपातल्या खोबरेलाचं लोणी झालेलं असतं, जीभ अर्ध्यावर अडकते आणि खटका लागल्यासारखा वाटून लागत नाही. उन्हाळ्यात तेच तेल धूळ धरतं. कुलपाला कोरडं वंगण हवं. ग्राफाइटची पूड मिळाली तर उत्तम, नाही तर मऊ पेन्सिलचं शिसं खरवडून चिमूटभर उतारावर चोळा.

राहिलं नंबरचं कुलूप. तीन चाकं म्हणजे १,००० आकडे. एका आकड्याला दोन सेकंद धरले तरी सगळे संपवायला अर्ध्या तासाच्या थोडा वर वेळ लागतो, आणि आपला आकडा सरासरी निम्म्यातच सापडतो. स्वस्त कुलपात तेवढाही धीर लागत नाही, बटणावर ओढ ठेवून चाकं फिरवली की खाच आलेलं चाक हाताला वेगळं लागतं. चौथं चाक असेल तर १०,००० आकडे होतात, तेवढाच दिलासा. आणि ०००च ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

टीएसएबद्दल मेसेज खरं बोलतो, पण अर्धवट. ही अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मास्टर किल्ली चालणारी कुलपं. २०१४ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्रात त्या किल्ल्यांचा फोटो छापून आला, आणि २०१५ मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर काढता येतील अशा फायली इंटरनेटवर आल्या. त्यामुळे चोराला ती मिळू शकते, हे बरोबर. पण अमेरिकेला जाताना साधं कुलूप लावलंत तर तपासणीसाठी ते तोडण्याचा अधिकार त्यांना आहे. शिर्डी-त्र्यंबकला येणाऱ्या पाहुण्याने या चर्चेत पडायचं कारण नाही.

आणि चेनच्या बॅगेला कितीही भारी कुलूप लावा, बॉलपेनचं टोक दातांत खुपसलं की चेन फाकते, आणि कुलूप लावलेले रनर पुढेमागे फिरवले की पुन्हा मिटतेही. आकडा-जिभेच्या सूटकेसमध्ये ही सोय चोराला नाही.

खटका बदलायचाच झाला तर जुना सोबत न्या. निदान दोन रिव्हेटच्या भोकांचं मधोमध अंतर मोजून न्या, आणि दोन्ही बाजूंचे खटके, पट्टीसकट, एकाच वेळी बदला. नवी जीभ आणि झिजलेला जुना आकडा एकत्र बसवले, तर जुना आकडा नव्या जिभेची कड लवकर खातो.