लस घेऊनही कोविड झाला, मग लस कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दोन डोस घेऊनही ओमिक्रॉन (कोविडच्या विषाणूचा बदललेला प्रकार) झाला, दाखल रुग्णांत लस घेतलेलेच जास्त, म्हणजे विषाणू बदलला की लस कुचकामी. आणि सौम्य आजारासाठी बेडचा एवढा बाऊ कशाला, असं आपण लिहिलंत. लागण झाली हे खरं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

लागण रोखणं आणि गंभीर आजार रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत. लागण रोखायची तर अँटिबॉडी, म्हणजे शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिनं, विषाणू ज्याने पेशीत शिरतो त्या स्पाइक प्रथिनावर नेमक्या जागी चिकटाव्या लागतात, त्याही नाकाघशात, भरपूर प्रमाणात. ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये ३०हून जास्त बदल होते आणि त्यातले बरेचसे त्याच जागी. शिवाय डोसनंतर काही महिन्यांत अँटिबॉडी ओसरतात. टी पेशी (बाधित पेशी शोधून मारणाऱ्या संरक्षक पेशी) मात्र प्रथिनाचे बारीक तुकडे ओळखतात, आणि त्यातले बहुतेक तसेच राहिले होते. या पेशींची फौज उभी राहायला काही दिवस जातात. ओमिक्रॉनची लक्षणं साधारण तिसऱ्या दिवशीच दिसू लागतात, म्हणून ताप-खोकला चुकत नाही. फुफ्फुसं बिघडतात ती बहुधा पुढच्या आठवड्यात, तोवर फौज पोहोचलेली असते.

ओमिक्रॉनआधीच्या डेल्टा प्रकाराच्या वेळी ब्रिटनमध्ये हा फरक मोजला गेला. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीचे, म्हणजे आपल्या कोविशील्डचे, दोन डोस लक्षणं असलेल्या आजारापासून सुमारे ६७ टक्के, तर दाखल होण्यापासून सुमारे ९२ टक्के संरक्षण देत होते. एकाच डोसचं लक्षणं असलेल्या आजारापासूनचं संरक्षण मात्र त्याहून आधीच्या अल्फा प्रकाराविरुद्ध ४९ टक्के होतं, ते डेल्टाविरुद्ध ३०वर आलं. भारतात मे २०२१मध्ये दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं तेव्हा डेल्टा सगळीकडे पसरत होता, आणि तेवढे आठवडे लोक एकाच डोसच्या भरवशावर होते. विषाणू बदलला की डोसांचं वेळापत्रकही पुन्हा तपासायला हवं, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता दाखल रुग्णांचं. समजा १००० जणांपैकी ९०० जणांनी लस घेतली आहे. लस न घेतलेल्यांत १० टक्के दाखल झाले, तर १० जण. घेतलेल्यांत २ टक्केच झाले, तरी १८ जण. वॉर्डात लसवाले जास्त दिसणार, धोका मात्र पाचपट कमी.

बेडचं गणितही असंच फसवं आहे. आजार सौम्य असला तरी तो जास्त जणांना झाला की दाखल होणारे वाढतात. समजा, १०,००० बाधितांपैकी २ टक्के म्हणजे २०० दाखल, ५०,०००पैकी ०.६ टक्के म्हणजे ३००. त्यात परिचारिका आणि निवासी डॉक्टर एकाच आठवड्यात आजारी पडले की बेड असून चालवायला माणूस नसतो. ऑक्सिजनही पाहा: ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला १० लिटरने साडेअकरा तास पुरतो, हाय फ्लोवर (नाकातून वेगाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) ६० लिटरने दोन ताससुद्धा नाही.

आणि जीनोम सिक्वेन्सिंगवर, म्हणजे विषाणूचा जनुकीय क्रम वाचून त्याचा प्रकार (व्हेरियंट) ओळखण्यावर, खर्च कशाला, हे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. कासिरिविमॅब-इम्डेविमॅब हे अँटिबॉडी कॉकटेल (प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन अँटिबॉडींचं औषध) भारतात सुमारे ६०,००० रुपयांना एक डोस असं मिळायचं. डेल्टावर ते चालत होतं, ओमिक्रॉनवर जवळपास निकामी ठरलं. समोरच्या रुग्णाला ते द्यायचं की नाही, हे गावात कोणता व्हेरियंट फिरतोय ते कळल्याशिवाय डॉक्टर ठरवणार कसं?