लिंबाच्या फोडीनं लाळ परत येत नाही, दात मात्र जातात

जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज आता आजी-आजोबांच्या मोबाइलवर पोचलाय, आणि ते तो इमानेइतबारे पाळायलाही लागलेत. साठीनंतर लाळेच्या ग्रंथी वाळतात म्हणे. उपाय काय, तर रोज सकाळी अर्धं लिंबू मीठ लावून जिभेवर धरा, भाकरी सोडून पातळ खा, बीपीच्या गोळ्या थांबवा, जेवणानंतर सुपारी चघळा, दूध टाळा. ‘डॉक्टर हे सांगणार नाहीत’ हे शेपूट आहेच.

लिंबाचं आधी घेऊ, नासाडी तिथंच जास्त आहे. चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं, हे खरं. पण त्यासाठी ग्रंथी धड लागते. धड तोंडात आंबट पडलं की भरपूर लाळ येते, तिच्यातलं आम्ल मारणारं बायकार्बोनेट वाढतं आणि आम्ल धुऊन निघतं. कोरड्या तोंडात धुणार कोण? आम्ल दातांवर बसून राहतं. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल कडक) २ ते २.५. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. म्हातारपणी हिरड्या मागे सरकून मुळं उघडी पडलेली असतात. त्यांच्यावर ते कवचही नाही, ती ६ च्या पुढेमागेच विरघळू लागतात. त्यावर लगेच ब्रश किंवा मिश्री फिरवली की मऊ पडलेला थर खरवडून निघतो. मग हिरडीलगत पिवळसर खाच पडते, गार पाण्यानं कळ जाते आणि एक दिवस दात तिथंच मोडतो. ज्यांनी फोड चोखलीच आहे, त्यांनी साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि घासायला तासभर थांबावं.

ग्रंथी वाळतात यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या जर्नलात २०१५ साली ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. वयस्कांची एकूण लाळ कमी भरली, आणि सगळा दोष गोळ्यांवर टाकता आला नाही. पण घट होती ती जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींत. कानापुढची ग्रंथी तशी घटलेली दिसली नाही, आणि चावताना मुख्य काम तिचंच. म्हणून ‘पातळ खा’ हा सल्ला उफराटा. नुसत्या पातळ खाण्यावर ठेवलेल्या उंदरांत हीच ग्रंथी आक्रसते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी चालू ठेवा, वरणात भिजवून, पण चावून. फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) कढीबरोबरच खा, कोरडे नकोत. शेवभाजीचा रस्सा मात्र बेताच्या तिखटाचा, कोरड्या तोंडाला तो झोंबतो.

गोळ्यांनी तोंड सुकतं हेही खरं: लघवी वाढवणाऱ्या, सर्दी-खाजेच्या, नैराश्यासाठी दिली जाणारी अॅमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवी लागण्यावरची ऑक्सिब्युटिनिन. पण बीपीची गोळी मनानं थांबवून लकवा ओढवून घेण्यात कसलं शहाणपण? सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. कोणती बदलायची, कोणती कमी करायची, ते ठरवतील.

सुपारीतल्या अॅरेकोलिननं लाळ सुटते, नाकारत नाही. पण तंबाखूविना सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली कर्करोगकारक ठरवली. दुधाबद्दल एवढंच की बिनसाखरेचं दूध कोरड्या तोंडाला उलट बरं.

लाळ खरंच कमी आहे का, हे घरी पाहता येतं. खाऊन-पिऊन तासाभरानं मान खाली घालून बसा, गिळू नका, १५ मिनिटं लाळ वाटीत पडू द्या. मग ती खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणात ओता. धडधाकट माणसाची ५ मिलीच्या आसपास भरते. दीड मिलीहून कमी भरली, किंवा भाकरीच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतोय, तर डॉक्टरांकडे जा. रक्तातली साखर तपासून घ्या, आणि डोळेही कोरडे वाटत असतील तर तेही सांगा. तोवर पाण्याचे छोटे घोट, फ्लोराइडची पेस्ट, एका ग्लासात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा, त्या थुंकून टाकायच्या. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.