सही विमानवाल्याची, गाऱ्हाणं गरुडाचं

अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या हातची पत्रं अधूनमधून लिलावात निघतात. वन्यजीव वाचवा म्हणून तळमळून लिहिलेलं पत्र असलं, तरी घेणारा पैसे मोजतो ते बहुतेक खालच्या सहीचे. ती सही पडते त्या पंचवीस वर्षांच्या पोराची, जो २० मे १९२७ ला न्यूयॉर्कहून एकटा उडाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. एकच इंजिन. रेडिओ नाही, पॅराशूट नाही. वैमानिकासमोर काचसुद्धा नाही, कारण तिथे पेट्रोलची टाकी बसवलेली! पुढचं बघायचं तर पेरिस्कोपला डोळा लावायचा नाहीतर बाजूच्या खिडकीतून मान काढायची. या एका उड्डाणानंतर लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याचा असा काही पिच्छा पुरवला, की प्रसिद्धी म्हटलं की तो अंग चोरायला लागला.

आणि साठी गाठल्यावर हाच माणूस, ज्या नावाचा त्याला जन्मभर वैताग आला, तेच नाव जनावरांच्या कामी लावायला निघाला. मला त्याच्या पत्रांचं अप्रूप आहे ते एवढ्यासाठी.

'निवड करायचीच झाली तर मला विमानांपेक्षा पक्षी हवेत,' हे त्याचं १९६४ च्या रीडर्स डायजेस्टमधलं वाक्य सगळीकडे सापडतं. छान आहे, पण अशी वाक्यं सगळ्या जगाला उद्देशून असतात, म्हणजे कुणालाच नसतात. पत्र मात्र एका माणसाच्या टेबलावर जाऊन पडतं आणि त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. लिंडबर्गला हे पक्कं कळलेलं होतं. लिहायचं, मग स्वतः जाऊन समोर बसायचं. १९६८ मध्ये तो अलास्काच्या विधिमंडळापुढे उभा राहिला. जाहीर भाषण करायला हा माणूस कित्येक वर्षांनी तयार झाला, तो निसर्गरक्षणासाठी.

फिलिपिन्सची गोष्ट तर नीट सांगायलाच हवी. तिथल्या जंगलात एक अजस्र गरुड आहे. तेव्हा त्याला 'माकडखाऊ गरुड' म्हणत. डोक्यावर पिसांचा विस्कटलेला तुरा, निळसर-करडे डोळे आणि चांगली मीटरभर उंची. एक जोडी दोन वर्षांत एकच पिल्लू वाढवते. म्हणजे कुणी हौसेने एक गरुड मारून, पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवला, तर जंगलाला ती तूट भरून काढायला वर्षं लागतात. वर लाकूडतोड होतीच. लिंडबर्ग १९६९ च्या सुमारास या गरुडाला वाचवायच्या मागे लागला. मिंडोरो बेटावरच्या तामारॉ नावाच्या बुटक्या रानरेड्यासाठीही त्याने थेट राष्ट्राध्यक्ष मार्कोसपर्यंत धडक मारली. १९७० मध्ये गरुडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, १९९५ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी झाला. सगळं श्रेय एकट्या लिंडबर्गचं नाही, स्थानिक लोक आधीपासून झटत होते. पण त्यांच्यासाठी बंद असलेली दारं याच्या नावाने उघडली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता त्याची आरती करणारे मला आवडत नाहीत. १९३८ मध्ये याने हिटलरचा साथीदार गोरिंग याच्या हातून नाझी जर्मनीचं पदक घेतलं. १९४१ च्या, अमेरिकेतल्या डि मॉइन शहरातल्या भाषणात अमेरिकेला युद्धात ढकलणाऱ्यांत ज्यूंचं नाव घेतलं. ते भाषण आजही वाचवत नाही. पत्रांचंच म्हणाल तर याच हाताने त्याने जर्मनीतल्या गुप्त संसारालाही पत्रं लिहिली, खाली फक्त 'सी' एवढीच सही. तिथल्या मुलांना आपला बाप कोण हे नीट कळलं ते त्याच्या मागे. २००३ मध्ये डीएनए चाचणीने शिक्कामोर्तब झालं. एका ठिकाणी नाव वाजवून वापरायचं, दुसरीकडे एका अक्षरात दडवायचं!

मग गरुडाच्या पत्राचं काय करायचं? माझं म्हणणं, पत्र पत्राच्या जागी खरं आहे. गरुडाला सही कुणाची याच्याशी देणंघेणं नाही. आणि निदान या बाबतीत त्याने स्वतःला झळ लावून घेतली: पॅन ॲम या विमान कंपनीच्या संचालक मंडळावर बसलेला माणूस आवाजाहून वेगवान प्रवासी विमानांना उघड विरोध करत होता. जन्मभर विमानातून फिरून पक्ष्यांची बाजू घेतली म्हणून त्याला ढोंगी म्हणणारेही आहेत. मला उलट वाटतं. जंगल कसं मागे सरकत गेलं हे वरून दशकानुदशकं पाहिलेला माणूस बोलला नाही, तर बोलायचं कुणी?

योगायोग बघा, २० मे हीच तारीख. २०२४ च्या २० मेच्या रात्री मुंबईत उतरणारं एक प्रवासी विमान घाटकोपरच्या वर फ्लेमिंगोंच्या थव्यात शिरलं. तीसहून अधिक पक्षी मेले, तुकडे वस्तीत पडले. विमान सुखरूप उतरलं. मग दोन दिवस बातम्या, आणि पुढे सामसूम. आता हे फ्लेमिंगो जिथे येतात त्या ठाण्याच्या खाडीच्या पलीकडच्या अंगाला, उलव्याला, नवा विमानतळही आलाय.

ठाण्याच्या खाडीबद्दल पक्षीवाल्यांनी लिहिलेली पत्रं सरकारला नवीन नाहीत, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि झालं. पण रोज कॉकपिटमधून ती खाडी बघणाऱ्या एखाद्या कॅप्टनने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून मंत्रालयात धाडल्या, तर पाकीट निदान कुतूहलाने तरी फोडतील. ओळखीत कुणी वैमानिक असेल तर ही पोस्ट त्यांना दाखवा. मजकुराला मी मदत करतो, अक्षर मात्र त्यांचं हवं.