आतून कुलूप नको, कोयंड्याचे स्क्रू बदला

सुट्ट्या जवळ आल्या की 'पोलीस खात्यातर्फे जनहितार्थ' असं डोक्यावर लिहिलेला एक मेसेज फिरायला लागतो. कुठलं पोलीस ठाणं, कोण अधिकारी, कोणती तारीख, काही नाही. खाली घरफोडी टाळायचे सात उपाय आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा'. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकं मोबाईल पुढे करून "यातलं ते मोठं कुलूप द्या" म्हणतात आणि मी देतोही. वाद घालून कोण गिऱ्हाईक घालवणार! पण आता कळलं की डोंबिवलीत एकटी राहणाऱ्या माझ्या आत्यानं वेल्डर बोलावून सेफ्टी डोअरला आतून कडी मारून घेतली आहे. रोज रात्री ती तिला कुलूप घालते आणि किल्ली देवघरातल्या डबीत ठेवते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी ओरडलो तर म्हणाली, "अरे, पोलिसांनीच पाठवलंय ना!"

तर मेसेज काय सांगतो ते आधी बघा. एक, लाकडी दार काढून स्टीलचं बसवा, ते फुटत नाही. दोन, कुलूप जितकं मोठं तितका चोर लांब. तीन, नुसत्या लॅचवर विसंबू नका. चार, रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप घाला आणि किल्ली दारापासून लांब ठेवा. पाच, दाराखालची फट ओल्या टॉवेलनं बुजवा, चोर तिथून क्लोरोफॉर्म फवारतात. सहा, बेलजवळ खडूच्या खुणा दिसल्या तर घर हेरलं गेलंय; जोगी-गोसाव्यांच्या वेषातली टोळी त्या करते, दिसल्यास धरून ठेवा. सात, डिजिटल लॉक लावू नका, ते मोबाईलवरून उघडतं.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, यानं माणूस जाईल.

रात्री दोनला स्वयंपाकघरात शॉर्टसर्किट झालं असं धरा. वीज गेलेली, घरभर धूर. घरातल्या आगीत माणसं बहुतेक वेळा भाजण्याआधी धुरानं गुदमरतात, आणि तो धूर डोळे उघडू देत नाही. अशा वेळी आत्यानं देवघर गाठायचं, डबी शोधायची, त्यातली किल्ली काढायची, ती धरून दारापर्यंत यायचं आणि चाचपडत कुलपाचं भोक शोधायचं. किल्ली हातातून पडली की संपलं. खिडक्यांना ग्रिल आहेतच, म्हणजे दुसरी वाटही नाही.

भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे, 2016 ची. तिचा चौथा भाग आग आणि जीवितसुरक्षेचा. बाहेर पडायच्या दारांबद्दल त्यात एक साधा नियम आहे: ज्या बाजूनं माणसं बाहेर पडणार, त्या बाजूनं दार किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. ही दारं म्हणजे इमारतीच्या बाहेर पडायच्या वाटा, तुमच्या सेफ्टी डोअरची तपासणी करायला कोणी येणार नाही, हे मला माहीत आहे. पण नियमामागचं कारण तुमच्या घरातही तेच राहतं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 ला लागलेल्या आगीत 59 माणसं गेली. बाल्कनीतल्या प्रेक्षकांच्या बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. बंद दारापुढे घाबरलेला माणूस काय करू शकतो, ते तिथं दिसलं. ज्यानं हा चौथा मुद्दा लिहिला त्यानं चोराचा विचार केला आणि घरात झोपलेल्या माणसाचा केलाच नाही.

आगही सोडून द्या. आत्या रात्री बाथरूममध्ये पडली तर? शेजारच्या काकूंकडे तिनं जादा किल्ली देऊन ठेवली आहे, लॅचची. पूर्वी त्या धावत येऊन दार उघडू शकल्या असत्या. आता लॅच उघडेल आणि पुढे आतलं कुलूप. आपणच ज्याला मदतीला यायचा रस्ता दिला होता, त्याच्या तोंडावर आपणच दार लावलं. मग अग्निशमन दल येणार, कटर लावणार. तोवर ती फरशीवर.

या मुद्द्यात अर्धं खरं काय आहे तेही नाइलाजानं सांगतो. सेफ्टी डोअरची जाळी मोठी असेल तर बाहेरून हात घालून आतली कडी काढता येते. खरंच येते. त्यावर उपाय कुलूप नाही. कडीच्या भोवती हाताच्या लांबीएवढ्या भागात जाळीमागे पत्रा मारून घ्या, वेल्डरचं अर्ध्या तासाचं काम आहे. आतून कडी, टॉवर बोल्ट (सरकता अडसर), बोटानं फिरणारी मूठ असलेलं लॅच, काय हवं ते लावा. डोळे मिटून, एका हातानं, किल्लीशिवाय उघडलं म्हणजे झालं.

आता मोठ्या कुलपाचं. मराठी पेपरात घरफोडीची बातमी निघते तेव्हा तिच्यात एक ठरलेला शब्दप्रयोग असतो: 'कडी-कोयंडा उचकटून'. वर्षानुवर्षं छापून येतोय आणि आपण वाचून सोडून देतो. चोरानं कुलपाला हातही लावलेला नसतो. कटावणी कोयंड्याच्या मागे घातली, झटका दिला, कोयंडा स्क्रूसकट बाहेर आला, कुलूप तसंच बंद लटकतंय. पंचनाम्यात ते धडधाकट कुलूपही जप्त होतं. तुम्ही दीड हजाराचं कुलूप घेतलंत आणि ते लटकवलंत पाकिटातून फुकट मिळणाऱ्या पाऊण इंची स्क्रूंवर. लाकडाला धरणार काय? स्क्रूचे दोन-तीन पेच!

करायचं ते असं. दाराच्या बाजूचा कोयंडा स्क्रूवर न ठेवता आरपार बोल्टवर घ्या, आतून मोठा वॉशर आणि नट. चौकटीच्या बाजूला आरपार जाता येत नाही, तिथं दोन-अडीच इंची स्क्रू मारा, आधी बारीक ड्रिल मारून, नाहीतर जुनं लाकूड चिरतं. कोयंडा असा निवडा की बंद केल्यावर स्क्रूंची डोकी त्याच्याखाली झाकली जातील. उघड्या स्क्रूला कटावणीसुद्धा लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर पुरतो. लॅचची जीभ ज्या डबीत जाते, ती चौकटीवरची डबीही तपासा. सुतार लॅच बसवताना सगळी मेहनत दारावर करतो आणि डबी घाईघाईत दोन स्क्रूंवर टांगतो. दाराला लाथ बसली की सगळा जोर त्या डबीवर येतो. आणि मग चौकट. ती भिंतीत लोखंडी होल्डफास्टवर, म्हणजे भिंतीत रुतवलेल्या पट्ट्यांवर, धरलेली असते. जुन्या इमारतीत ते गंजलेले असतात, चौकटीला खालून वाळवी लागलेली असते. चौकटीच्या पायाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर कुलूप, लॅच सगळं बाजूला ठेवा आणि आधी चौकट करा. सामान काही शे रुपयांचं, मजुरी वेगळी. मला यात कुलपापेक्षा कमी सुटतात, म्हणून दुकानदार आपणहून हे सांगत नाहीत.

शिवाय बाहेर लटकणारं भलंमोठं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटीच. दारात बुडवलेलं लॉक असेल तर घर बंद आहे की माणसं आत झोपलीत, जिन्यातून जाणाऱ्याला कळत नाही.

स्टीलच्या दाराचंही उत्तर यातच आलं. बाजारातली बरीचशी स्टीलची दारं म्हणजे दोन्हीकडून मिलिमीटरभर जाडीचा पत्रा आणि मध्ये भरण. वाईट नसतात, पण तीही त्याच चौकटीवर आणि त्याच भिंतीवर उभी राहतात. चौकटीमागे पोकळी ठेवून नुसतं फोम मारून बसवलेलं दिसलं तर पैसे अडवून ठेवा.

तिसरा मुद्दा खरा आहे. हो, खरा आहे. लॅच नुसतं ओढून घेतलं की आतली जीभ फक्त स्प्रिंगवर असते, आणि तिची तिरकी कड ढकलून मागे सारता येते. बाहेर जाताना किल्ली फिरवून जीभ अडकवा. पण दुधाची पिशवी आणायला जाताना दार ओढून निघणाऱ्यांत मीही आलो, तेव्हा फार बोलत नाही.

क्लोरोफॉर्म. पाचशे चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट, साडेनऊ फूट उंची, म्हणजे सुमारे 135 घनमीटर हवा. माणूस बेशुद्ध पडायला त्या हवेत साधारण एक टक्का वाफ हवी. हिशेब केला तर साडेचार लिटरच्या आसपास क्लोरोफॉर्म होतो, तोही सगळ्याची वाफ झाली, खिडक्या बंद असल्या आणि पंखा हवा बाहेर टाकत नसला तर. तेवढं दाराच्या फटीतून फवारायचं, वाफ सगळीकडे पसरेपर्यंत जिन्यात उभं राहायचं आणि मग स्वतः त्याच हवेत शिरून कपाट फोडायचं. चोरापेक्षा भूलतज्ज्ञ व्हायला काय हरकत आहे त्याला? फवाऱ्याची बाटली हातात घेऊन उभा राहणारा चोर मालिकांत असतो. टॉवेल झुरळांसाठी लावायचा तर लावा.

सहावा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दाराशेजारच्या खडूच्या खुणा बऱ्याचदा पल्स पोलिओवाल्यांच्या असतात: घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला तर 'पी', कोणी राहिलं किंवा घर बंद होतं तर 'एक्स'. जनगणनेत घरांवर क्रमांक टाकतात. आत्यानं पोलिओची खूण फिनाईलनं पुसली, ते तिचं तिनंच अभिमानानं सांगितलं. पण पुढचं वाक्य, 'जोगी-गोसाव्यांच्या वेषातली टोळी, धरून ठेवा', ते वाचून माझं डोकं फिरलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच माणसं ठार मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागायला आलेली, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. कारण? मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज. आज तेच वाक्य घरफोडीच्या नावाखाली फिरतंय आणि पुढे पाठवणाऱ्यांत माझेच नातेवाईक आहेत. संशय आला तर 112 ला फोन करा. धरून ठेवायचं काम तुमचं नाही, आणि ही ओळ पुढे ढकलायचंही नाही.

डिजिटल लॉकबद्दल थोडक्यात: फ्लॅट फोडणारा कटावणी घेऊन येतो, लॅपटॉप घेऊन नाही. अशी बरीच लॉकं आतून नुसता दांडा दाबला की उघडतात, म्हणजे आत्याच्या कुलपापेक्षा शंभरपट बरी. बॅटरी वेळेवर बदला आणि पिन जन्मतारखेचा ठेवू नका.

सात उपायांत जे कुठंच नाही, ते सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्यांचं. हे दार बाहेर उघडतं, त्यामुळे बिजागऱ्याही बाहेर असतात, आणि पिन खालून ठोकून वर काढली की कुलूप असो वा नसो, दार दुसऱ्या बाजूनं हातात येतं. पत्रा मारायला वेल्डर येईल तेव्हाच पिनांच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा ठिपका मारून घ्या. आत्याकडे रविवारी तेच करणार आहे. आतली कुलपाची कडी कापायलाही तोच वेल्डर सांगितलाय, ज्यानं ती लावली होती.