गॅरंटी, वॉरंटी आणि कपलर

रविवारी पांढऱ्या रश्श्याचं वाटण फिरताना मिक्सरनं ‘खर्रर्र’ केलं. मोटर जोरात, भांडं ढिम्म. उचलून बघितलं तर भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दात साफ झिजलेले. मटण चुलीवर, पाहुणे दारात, तीळ-खोबरं अर्धवट. कोल्हापुरात याला आणीबाणी म्हणतात.

तरी मी निर्धास्त होतो. मिक्सर घेताना दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, “गॅरंटी हाय, बिनघोर न्या.”

दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं. “ही वॉरंटी हाय साहेब. गॅरंटी असती तर बदलून दिला असता. वॉरंटीत नुसती दुरुस्ती. त्यातबी कपलर, ब्लेड, वॉशर, भांडं सोडून.”

म्हणजे उरली मोटर. ती ठणठणीत होती.

वास्तविक गॅरंटी आणि वॉरंटी ही दोघं सख्खी भावंडं. जर्मानिक बोलीतला हमीचा शब्द फ्रान्सात गेला; उत्तरेकडच्यांनी त्यातला ‘व’ राखला, बाकीच्यांनी ‘ग’ केला. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडात घुसले, त्यांच्याबरोबर ‘व’वाला आला, ‘ग’वाला मागाहून. इंग्रजांनी दोघांनाही ठेवून घेतलं आणि निस्तरायला आपल्याकडं पाठवलं.

आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी ही दुय्यम अट. मोडली तर भरपाई मागा, पण ‘माल परत घ्या’ म्हणायची सोय नाही. 1872 च्या करार कायद्यातली गॅरंटी तर मिक्सरकडं ढुंकूनही बघत नाही. तिला तिघं लागतात: कर्ज देणारा, घेणारा आणि ‘नुसती सही हाय भावा’ म्हणत ज्याला चहा पाजून पतसंस्थेत नेतात तो. कर्जदाराइतकाच तोही बांधील. आमच्या पेठेत या कलमाचे जाणकार पुष्कळ. सगळे दुसऱ्याचे हप्ते भरून शिकलेले.

हे मी काउंटरवर हात आपटून सांगितलं. “तोंडानं गॅरंटी म्हणालासा ना? मग तुमी या मिक्सरला जामीन!” गिऱ्हाईकं जमली. एकानं “बरोबर हाय की!” म्हणून दादही दिली.

दुकानदार शांत. त्यानं पोऱ्याला दोन चहा सांगितले, मला स्टूल दिलं.

“साहेब, कपलर फुकट बसवतो. जामिनाचं तुमाला लई ठाऊक हाय,” असं म्हणत त्यानं ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. “पोराला गाडी घ्यायचीय. सही कुठं करायची, तिथं पेन्सिलीनं फुली मारलीया.”